बिनवासाची सड

कवठे येमाईत बटाट्यातलं कळतं ते झुंबरबाईला, असं मी आज म्हणतो. सत्त्याण्णव साली मात्र ते फक्त मलाच कळायचं. मी पुण्यात शेतकऱ्यांचं दोन दिवसांचं शिबिर करून आलो होतो आणि तिथं फुकट मिळालेली पिशवी काखोटीला मारून गावभर शहाणपण वाटत होतो.

झुंबरबाई तीस वर्षं दुसऱ्यांचे बटाटे निवडत आलेली. एकेक बटाटा अंगठ्यानं दाबायची आणि न बोलता बाजूला सारायची. पन्नाशीला आल्यावर तिनं पहिल्यांदाच अर्धा एकर वाट्यानं घेतला आणि माझ्याकडच्या त्या वर्षीच्या मजुरीत चार पोती बेणं मागून घेतलं. घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते जूनच्या लागवडीपर्यंत माझ्या अरणीत राहणार होतं. अरण म्हणजे आंब्याच्या सावलीत लावलेली, पाचटानं झाकलेली बटाट्याची रास.

यात्रेचे पाहुणे यायच्या आत अरण लागलीच पाहिजे, ही आमच्या घराण्याची ऐट. काढताना बटाट्यांना नांगराचे घाव बसले होते. पंधरा दिवस सावलीत पसरून ठेवा, घाव भरले की मग रास लावा, असं झुंबरबाईनं सांगून पाहिलं. मी दुसऱ्याच दिवशी लावली. तिचं बेणं खाली ओतलं, माझं वर. पाहुण्यांना मालकाचा माल दिसायला नको?

पुढं महिनाभर मी रोज सकाळी पाचटात नाक खुपसून वास नाही, म्हणजे सड नाही, असा दाखला देत राहिलो. ओली सड वासावरून कळते, एवढं शिबिरात ऐकलं होतं. पुढचं सांगत होते तेव्हा मी जेवणाच्या रांगेत पुढचा नंबर धरायला गेलो होतो.

एके दिवशी झुंबरबाईला राहवेना. तिनं कोपरापर्यंत हात घालून तळातला एक बटाटा काढला. साल खपाटीला गेलेली, वर सुरकुत्यांची कडी, वजनाला हलका. विळ्यानं कापला तर आत पोकळी, तपकिरी भुगा आणि पांढरी-गुलाबी बुरशी.

"आप्पा, ह्या सडीला वास नसतो," ती म्हणाली. "घावातनं आत शिरती."

अरण उपसली. तिच्या चार पोत्यांतलं जेमतेम एक उरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे वरचे बटाटे दिसायला ठणठणीत होते. त्यातलेच मी स्वतःच्या हातानं निवडून तीन पोती भरली आणि तिच्या दारात नेऊन टाकली. आता म्हातारी मला तोंडभरून आशीर्वाद देणार, असंही मनात होतं.

ती निवडायलाच बसली. मी निवडलेल्यातला दर दुसरा बटाटा बाजूला पडत होता. खराब उकिरड्यावर टाकू नका, शेणखताबरोबर रोग रानात जाईल, लांब खड्डा घेऊन पुरा, असं तिनं बजावलं. मी खड्डा खणला.

परत आलो तर चांगल्या बटाट्यांचे दोन सारखे ढीग लावलेले.

"ह्यातलं निम्मं तुमी न्या, आप्पा," ती म्हणाली. "तुमची वरची रास बी अशीच असंल. लावायला काय ऱ्हाईल तुमाला?"

तोपर्यंत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझी सगळी रास मग तिनंच निवडली. मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो.