वकीलसाहेबांनी परस्पर देऊन टाकलेला कॉर्गी

बांगलादेशची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी कामठीहून आमच्याकडे एक कॉर्गी जातीचा कुत्रा आला. माझा मामा तिथल्या छावणीत कंपाउंडर होता. त्याच्या ओळखीच्या एका मेजरची बदली थेट आसामात झाली आणि त्याच्या बायकोनं रडत रडत कुत्रा मामाच्या हवाली केला. मामाच्या घरी मांजरी होत्या, म्हणून त्यानं तो आमच्या दारात आणून सोडला. मी तेव्हा तिशीची होते, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आई आणि मी नागपुरात रामदासपेठेत एका वकिलाच्या बंगल्यात खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, वकीलसाहेब आणि त्यांची बायको वर.

असला कुत्रा गल्लीत कुणी पाहिला नव्हता. अंग चांगल्या मोठ्या कुत्र्याचं, तांबूस-पांढऱ्या दाट केसांचं. कान उभे आणि मोठाले, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि पाय जेमतेम वीतभर. भांडी घासायला येणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, याले लहानपणी पोलिओ झाला होता का?" तिनं मनापासून विचारलं होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. राग आला तो वकीलसाहेबांचा. ते जिन्यातूनच ओरडले की कुत्रा पाळायचा तर कुत्र्यासारखा पाळावा, ही घूस कशाला आणली. येणाऱ्या पक्षकारांनाही ते हात करून दाखवायचे आणि हसायचे. आई त्याला बुटक्या म्हणायला लागली, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला माया होती.

बुटक्या मूळचा गुरं राखणाऱ्यांचा कुत्रा. रस्त्यानं म्हशी निघाल्या की फाटकाखालून सरपटत बाहेर पडायचा आणि त्यांच्या खुरांशी भुंकत त्यांना एका रांगेत लावायचा. गवळी खूश असायचा. मात्र नागपूरचा उन्हाळा त्याच्यासाठी नव्हताच. एप्रिल लागला की आई न्हाणीघरात पाणी ओतून ठेवायची, दाराला वाळ्याची ताटी बांधायची, आणि तो दिवसभर त्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडायचा. फिरायला नेणं पहाटे, नाहीतर दिवेलागणीनंतर. रोज मूठमूठ केस विंचरून काढायचे. एवढं सगळं त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही आम्ही दोघींनीच केलं.

मग कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकात विलायतेच्या राणीचा फोटो आला. तिच्या पायाशी चार कुत्रे, हुबेहूब आमच्या बुटक्यासारखे. वकीलसाहेब ते पान हातात घेऊन स्वतः खाली आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खाली वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून सगळं पालटलं. पाहुणे आले की वरून हाक यायची, जरा आपलं कुत्रं पाठवा हो. आपलं! मी एकदा आईजवळ कुरकुर केली. आई म्हणाली, घरमालक आहेत, पाच मिनिटं नेलं तर काय बिघडतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

मे महिन्यात अकोल्याला मावसबहिणीचं लग्न होतं. कुत्र्याला सोडून दोघींनी जाणं शक्य नव्हतं, म्हणून आई मागे राहिली. चार दिवसांनी परतले तर फाटकाशी कुणी आलं नाही. न्हाणीघराची फरशी कोरडी होती. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती आणि वळून बघेना. खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं. वकीलसाहेब गाडी घेऊन अमरावतीला लेकीकडे निघाले होते. नातवंडांना दोन दिवस दाखवून आणतो म्हणाले, आणि तिनं साखळी त्यांच्या हातात दिली. ते परत आले, कुत्रा आला नाही.

मी तशीच वर गेले. ते बनियनवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी उभीच राहिले.

"नातवंडांना फार लळा लागला हो," ते म्हणाले. "राहू द्या तिकडेच. जावयांचं मोठं आवार आहे. तुम्ही दिवसभर शाळेत, आईंना झेपत नाही. त्याचं भलंच झालं."

मी म्हटलं, कुत्रा माझा आहे, मला पत्ता द्या. त्यावर ते हसले. दोघी बायका तुम्ही, तुम्हाला राखणीला कुत्रा कशाला, मी वर आहे ना, असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा उघडला. ज्यानं आमच्या घरातून वस्तू उचलून नेली तोच माणूस आमच्या राखणीची हमी देत होता, आणि त्यात काही विचित्र आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

खाली येऊन मी आईला नको ते बोलले. ती बिचारी ऐकून घेत राहिली.

संध्याकाळी वकिलांची बायको वाटी घेऊन विरजण मागायला आली. नवऱ्याच्या शब्दाबाहेर तिला कधी पाहिलं नव्हतं. आईनं विरजण घातलं. वाटी घेता घेता तिनं लेकीच्या घराचा पत्ता हळूच सांगितला, कुठल्या चौकातून वळायचं तेही सांगितलं, आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी अमरावती गाठली. आवार खरंच मोठं होतं. त्या मोठ्या आवारात नळाच्या खांबाला बुटक्या बांधलेला होता, आणि क्षणभर मला तो ओळखूच आला नाही. त्याच्या अंगावरचे केस कात्रीनं भादरून टाकले होते, कुठे बोटभर, कुठे कातडीपर्यंत. उघडी पडलेली पाठ उन्हानं लाल झाली होती. मला पाहून तो उठला, पण भुंकला नाही.

वकिलांची लेक धावत बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. तिचा चेहरा पाहून मी तयार करून नेलेली सगळी वाक्यं तोंडातच राहिली. "मी मागितला नव्हता ताई, बाबांनीच आणला," ती म्हणाली. "केस कापले की गार वाटेल असं यांना वाटलं." तिनं स्वतःच साखळी सोडली आणि माझ्या हातात दिली. तो पळून गेला असं मी बाबांना सांगेन, असंही म्हणाली.

"पळून गेला नाही," मी म्हटलं. "मी घेऊन गेले, असंच सांगा."

परतीच्या दोन गाड्यांनी आम्हाला घेतलं नाही. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर कुत्र्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "याले ऊन लागलं वाटते. मांगं बसा." सगळ्या वाटेवर मी ओला रुमाल त्याच्या पाठीवर धरून होते.

आठवड्याभरात वकीलसाहेबांची नोटीस आली. दोन पानांची, टाईप केलेली, वरच्या मजल्यावरून पोस्टानं खाली आलेली. भाडेकरूंनी जागेत उपद्रवी जनावर पाळलं आहे, त्यापासून मालकाच्या कुटुंबाला त्रास होतो, तरी जागा खाली करावी. ज्या जनावराला महिनाभर आधी पाहुण्यांसमोर मिरवत होते तेच आता उपद्रवी झालं! शेजारी समजूत घालायला आले. एका कुत्र्यापायी घर घालवू नका, माफी मागून टाका. माफी कशाची, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

ज्या दिवशी नोटीस आली त्याच दुपारी आईनं चांगलं लुगडं नेसलं आणि मला न सांगता वर गेली. मी जिन्याखाली उभी राहून ऐकलं. "तुम्ही दोन दिवस म्हणालात म्हणून मी दिलं," ती म्हणाली. "माझ्या लेकीची वस्तू होती, ती माझ्या भरवशावर नेलीत. तुम्ही खोटं बोललात." ती खाली आली, दोन पेले पाणी प्यायली आणि कुत्र्याच्या पाठीला खोबरेल लावत बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. अकोल्याहून परतल्या दिवशी बोलले त्याची माफी मागायची होती, ती काही मला जमली नाही.

नोटिशीला आम्ही दुसऱ्या एका वकिलाकडून उत्तर पाठवलं आणि प्रकरण तिथेच थंडावलं. दोन वर्षं आम्ही त्याच घरात राहिलो. वकीलसाहेब समोरून गेले तरी बोलायचे नाहीत. त्यांची बायको मात्र अधूनमधून विरजण मागायला यायची. पुढे धरमपेठेत जागा मिळाली तेव्हा आम्ही आपण होऊन बाहेर पडलो. बुटक्या तिथे आणखी पाच वर्षं जगला. उजव्या पुठ्ठ्यावरचे केस पुन्हा नीट आलेच नाहीत. नवे शेजारी विचारायचे, खरूज झाली होती का. त्यांना आई सगळी हकीकत सांगायची, अगदी पहिल्यापासून, कितीही वेळ लागला तरी. आणि सांगताना वकीलसाहेब न म्हणता नुसतं 'त्या वकिलानं' म्हणायची.