घंट्याचा धाकटा भाऊ

माझे बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि क्लच असतो, त्यावर त्यांनी आयुष्य काढलं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, शिव्या रस्त्यावरच्या लोकांच्या आणि घाम बाबांचा. "क्लच हळू सोडा", "आरसा बघा" आणि "समोर भिंत आहे" ही वाक्यं ते दिवसभर एकाच आवाजात बोलायचे. भिंत खरोखर बंपरला टेकायला आली तरी आवाज चढायचा नाही. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, पण बाजारात त्यांना कोणी ओळखायचं नाही. शिकणाऱ्यांनी सगळा वेळ समोर बघितलेलं असायचं. बाबांनीच तशी ताकीद दिलेली असायची.

घरीही तीच गत. आई सांगायची, "यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा मी तासभर यांच्या मोठ्या भावाशीच गप्पा मारत होते. निघताना कळलं की हेही खोलीत होते."

एकाच विषयावर बाबांची गाडी वरच्या गिअरमध्ये जायची: लहानपणीचं गाव. बारा वर्षांचे असताना त्यांनी ते सोडलं, कारण आजोबांची बदली झाली. त्यानंतर त्या गावाचं वर्णन करायची एकही संधी त्यांनी सोडली नाही. कोपऱ्यावरचं सलून, त्यापुढे बेकरी, मग लोखंडी फाटकाची शाळा. मला तो नकाशा इतका पाठ झाला होता की तिथे न जाताच मला त्या गावाचा कंटाळा आला होता.

जायचं मात्र राहूनच जायचं. शेवटी बाबांच्या मावशीचा, म्हणजे माझ्या मावशीआजीचा, फोन आला. ती त्या गावात एकटी राहायची, चपला दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. म्हणाली, "मी मेल्यावर यायचा विचार असेल तर तसदी घेऊ नका. मी घरी नसेन."

बाबांनी आठवड्याची रजा टाकली. आई, बाबा आणि मी, असे तिघे निघालो.

मावशीआजीने दार उघडलं, बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू धाकटा ना? मोठा नाही आला?"

"दादाला जमलं नाही, मावशी."

"हं. मग ये आत," असं म्हणून तिने बाबांच्या हातातली पिशवी घेतली आणि बाबांना दारातच ठेवलं.

हे मोठे काका म्हणजे आता कसलं प्रकरण होतं ते सांगायला हवं. काका सरकारी खात्यातून वरच्या हुद्द्यावर निवृत्त झाले होते. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि चहा आला की आधी पोचपावती द्यावी तशी मान हलवायचे. हसायचे ते फक्त कोणी वरिष्ठ हसल्यावर. निवृत्तीनंतर वरिष्ठ उरले नाहीत, तेव्हापासून तेही बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आम्हाला गाव दाखवायला निघाले. सलून जागेवर होतं आणि म्हातारा न्हावीही. बाबांना बघताच त्याने वस्तरा रोखला. "तूच ना रे? माझ्या खुर्चीवर डिंक ओतणारा!"

"नाही हो," बाबा खुश होऊन म्हणाले, "तो माझा दादा. मी धाकटा."

"त्याला धाकटा होता?"

"माझे केस तुम्हीच कापायचात."

न्हाव्याने बाबांचं डोकं दोन्ही बाजूंनी तपासलं. टक्कल पडल्यामुळे पुरावा नष्ट झालेला होता. "नाही बुवा आठवत," असं म्हणून त्याने समोरच्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावला.

बेकरीतही तेच झालं. शाळेसमोरच्या शिंप्याकडेही. सगळ्यांना काका आठवत होते. आणि सगळ्यांचा तोच प्रश्न: त्याला भाऊ होता? बाबा आधी हसत सांगायचे, मग नुसतं सांगायचे, मग सांगायचेच थांबले. आईने मला कोपराने ढोसलं आणि मोठ्याने म्हणाली, "चला, पाय दुखायला लागले." तिचे पाय कधीच दुखत नाहीत. ती दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असते.

परतीच्या वाटेवर हार्डवेअरचं दुकान लागलं. दुकानदार बाहेर पाईपांच्या ढिगावर बसला होता. तो एकदम ओरडला, "ए घंट्या!"

घंट्या हे काकांचं शाळेतलं नाव. त्यांनी एकदा शाळेची पितळी घंटाच पळवली होती. त्या दिवशी शाळा सुटलीच नाही. सुटल्याचं सांगणार कोण? मास्तर शिकवतच राहिले आणि पोरं बसूनच राहिली, शेवटी कुणाची तरी आई येऊन भांडली.

बाबा थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो रे. मीच."

आईला ठसका लागला.

"अरे ये, ये!" हार्डवेअरवाल्याने खुर्ची ओढली, शेजारच्या प्लंबरला हाक मारली, प्लंबरने आणखी कोणाला. बघता बघता पाईपांवर सहा-सात म्हातारे येऊन बसले. आणि बाबा बोलायला लागले. घंटा कशी काढली, कोणाच्या कोटात गुंडाळली, कुठे पुरली. मी त्यांना ओळखते त्या सगळ्या वर्षांत मिळून ते इतकं बोलले नव्हते. हात हलवत होते, मास्तरांच्या नकला करत होते. एकदा तर खुर्चीवर उभे राहिले. समोर भिंत नव्हती, आणि असती तरी त्यांनी सांगितलं नसतं.

तेवढ्यात बातमी ऐकून एक बाई पदर खोचून आली. "घंट्या म्हणजे तूच का?" म्हणाली आणि बाबांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "माझ्या ताईला सायकलवर फिरवतो म्हणून नेलंस आणि तळ्यात पाडलंस! अजून पाण्याला घाबरते ती."

"चुकलंच माझं," बाबा पाठ चोळत म्हणाले. "ताईंना सांगा, माफ करा म्हणावं." चेहरा असा, की जणू कोणी हार घातलाय.

"दुसऱ्याच्या भानगडीत मार खाणारा नवरा माझ्याच नशिबी," आई पुटपुटली. पण ती हलली नाही. तिलाही पुढचं ऐकायचं होतं.

रात्री जेवताना तिने विचारलंच, "अहो, हे काय होतं?"

बाबांनी ब्रेडचा तुकडा रश्श्यात बुडवला. "धाकटा म्हटलं की लोक उभ्या उभ्या बोलतात," ते म्हणाले. "घंट्या म्हटलं की खुर्ची ओढतात."

मावशीआजीने बाबांना आणखी एक ऑम्लेट वाढलं. "बरं केलंस. तो मोठा आता सभ्य झालाय. ते नाव नुसतं पडून होतं. वापर."

ही गोष्ट काकांपर्यंत पोचवली कोणी, ते विचारू नका. आई फोनवर होती, मी शेजारी हसत होते, एवढंच सांगते. काका सुरुवातीला "पोरकटपणा" म्हणाले. मग रोज फोन करून विचारायला लागले, "आणखी काय म्हणाले लोक?" आणि पुढच्या वर्षी आम्ही निघालो तेव्हा गाडीत मागच्या सीटवर काका होते, इस्त्रीच्या शर्टात, पुढे वाकून बसलेले.

हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबली. "घंट्या आला रे!" आणि सगळे बाबांना येऊन बिलगले. काकांनी घसा साफ केला. "एक खुलासा करायचा आहे. घंट्या मी आहे."

सगळे खदखदून हसले. "हा कोण रे?" प्लंबरने विचारलं.

बाबांनी क्षणभर विचार केला. अगदी क्षणभरच. "माझा भाऊ," ते म्हणाले.

"तुला भाऊ होता?"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी घंटेची गोष्ट सांगून बघितली. "सदर दिवशी मधल्या सुट्टीनंतर," अशी सुरुवात केल्यावर कोण विश्वास ठेवणार? दोन माणसं जांभया देत उठून गेली. बाबांनी मध्ये पडून तीच गोष्ट पुरी केली तेव्हा ती परत आली.

मावशीआजीच्या घरी काका कडाडले, "माझं बालपण चोरलंस तू!"

"तू वापरत नव्हतास, दादा."

काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता बाहेर पडले. आम्हाला त्यांचा पत्ता लागला तो शाळेचा शिपाई धावत आल्यावर. "तुमच्याकडचे कोणी आजोबा शाळेची घंटा काढतायत!"

आम्ही पोचलो तर व्हरांड्यात काका शिडीवर. शाळेची घंटा आता विजेची, भिंतीवर स्क्रूने बसवलेली. ती काढून काकांनी शर्टात घातली होती आणि शिडीवरून त्यांना उतरता येत नव्हतं. खाली मुख्याध्यापिकाबाई. "कोण आहात तुम्ही?"

"घंट्या!" काका वरून गर्जले.

शिपायाने ओळख पटवायला हार्डवेअरवाल्याला आणलं होतं. त्याने मान वर करून बघितलं आणि कीव आल्यासारखा म्हणाला, "नाही हो बाई. हा त्याचा भाऊ, बिचारा गरीब माणूस आहे. घंट्यानेच याला चढवून दिलं असणार." आणि त्याने बाबांकडे बोट दाखवलं.

बाईंनी बाबांना दोन वर्गांच्या पोरांदेखत झाडलं. या वयात हे शोभतं का, भावाच्या साधेपणाचा फायदा घेता, पडला असता म्हणजे? बाबा मान खाली घालून उभे. खांदे मात्र हलत होते. काकाही शिडीवरून ऐकत होते, आणि हळूहळू त्यांच्या तोंडातून एक आवाज फुटला. आधी मला वाटलं घाबरून रडतायत. ते हसत होते. इतके की शिडी डगमगायला लागली आणि बाबांना ती धरायला पळावं लागलं.

शिक्षा म्हणून दोघांनी घंटा परत बसवायची असं ठरलं. काका शिडीवर, बाबा खाली. "हळू, दादा. हळू सोड." स्क्रू आवळले, वायर जोडली. "चालते का बघा," काका म्हणाले आणि शिपायाने बटण दाबलं.

घंटा चांगली लांबलचक वाजली. आणि सगळी शाळा सुटली. दप्तरं घेऊन पोरं फाटकातून बाहेर, मागे मास्तर, मागे बाई ओरडत, "अरे थांबा! अजून मधली सुट्टीसुद्धा झाली नाही!" त्या लोंढ्यात माझे बाबा आणि काकाही पळाले. काकांचा शर्ट बाहेर आला होता. आई मला म्हणाली, "गाडी काढ लवकर," तेव्हा मी तिला पहिल्यांदाच पळताना पाहिलं.

संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई तक्रार घेऊन मावशीआजीच्या जिन्यावर आल्या. दोघे भाऊ आतल्या खोलीत दाराला कान लावून.

"तक्रार कोणत्या भाच्याची आहे?" मावशीआजीने विचारलं.

"दोघांची."

"मग ठीक आहे. एकाचीच असती तर दुसरा रुसला असता," असं म्हणून तिने बाईंना खुर्ची दिली आणि चहात साखर किती घालू, ते विचारलं.