आईच्या झोपेसाठी गप्प केलेला सर्व्हर

घरात कुणी एकदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला की किस्से शोधावे लागत नाहीत, पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आमच्या केडगावच्या घरातले हे सगळे एकाच डब्याचे.

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. ते हॉलमधल्या सर्व्हरमध्ये राहतात. सर्व्हर म्हणजे जमिनीवर ठेवलेला पत्र्याचा डबा, आत चार हार्डडिस्क आणि एक छोटा पंखा. आवाज असा की शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "गिरणी टाकली का? बाजरी आणू दळायला?"

वडील गेल्यापासून आईची रात्रीची झोप उडाली होती. दुपारी मात्र त्या डब्याशेजारी सतरंजीवर तिचा तासभर डोळा लागायचा. उन्हात पडदा हलायचा आणि ती कुठल्यातरी लांबच्या गावी गेल्यासारखी दिसायची. एवढ्या आवाजात तासभर, तर शांततेत किती झोपेल, असा हिशेब मी केला.

* * *

पहिला उपाय दत्ताचा. हा माझा शाळेपासूनचा मित्र, मूळचा पाथर्डीचा, आता कूलर बनवतो. त्याने डब्याचा पंखा काढला आणि मागे कूलरचं ओलं गवत बांधलं. संध्याकाळी आतल्या पत्र्यावर थेंब दिसले.

"दत्ता, आत पाणी जमलंय."

"गार झालं का न्हाई, ते सांग."

एका नवरीची हळद थोडक्यात वाचली.

* * *

मग हळू फिरणारा मोठा पंखा आणला आणि गरम हवा बाहेर जायला खिडकीतून पाइप काढला. पंखा उलटा बसला. खिडकीबाहेर काकू मिरच्या कांडत होत्या. पाइपने मिरचीचा सगळा खकाणा हॉलमध्ये ओढला.

"मशीन राहू दे, पानी आन आदी," दत्ता शिंकत म्हणाला.

खिडकीतून काकूंचा समाधानी आवाज आला, "यंदाची मिरची चांगली निघाली म्हणायची."

* * *

शेवटी कळलं, डिस्कच्या थरथरीने पत्रा वाजतो. बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घेऊन चारही डिस्क आत टांगल्या, पंखा सुलटा केला.

बायको बघत होती. म्हणाली, "पाळण्यात घातल्या. बारशाच्या घुगऱ्या कधी करायच्या?"

डबा गप्प झाला. दुपार इतकी निवांत की बाहेर कडुनिंबाची फुलं पडताना ऐकू येतील असं वाटलं. मलाच डुलकी लागली. आई मात्र टक्क जागी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिचे डोळे खोल गेले, आणि मला फार वाईट वाटायला लागलं.

* * *

परवा श्रीरामपूरचं शूटिंग उरकून दुपारी घरी आलो, तर दारातच दत्ता भेटला. आतून जुनी घरघर येत होती.

"मावशींनी बोलावलं हुतं," तो हळूच म्हणाला. "म्हनाल्या, इलॅस्टिक काढ, जुना फॅन लाव. कशाला, ते न्हाई इचारलं."

आत आई डब्याकडे तोंड करून गाढ झोपली होती. मी चपला हातात घेऊन उभा राहिलो. तेवढ्यात तिने झोपेतच हात लांबवला, डब्याला हलकेच ढोसलं आणि पुटपुटली, "अहो, कुशीवर वळा की."