बंबात न ओतलेली बादली

आमच्या घरात सकाळी गजर कधी लावावा लागला नाही. माझे सासरे, म्हणजे आबा, पाच वाजता मागच्या पडवीत बंब पेटवायचे आणि पाणी तापलं की हाक द्यायचे, "पाणी काढलंयऽ! उठा!" लग्न होऊन लोणावळ्याजवळ वलवणला आले तेव्हा पहिले सहा महिने मला त्या हाकेचा भयंकर राग यायचा. पुण्यातल्या माहेरी रविवारी आठपर्यंत लोळायची सवय, आणि इथे रविवारीसुद्धा साडेपाचला हाक. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग. तो म्हणाला, तूच सांग. वडिलांसमोर त्याचं तोंड उघडतं ते फक्त जेवायला.

बंब तांब्याचा होता, माझ्या कमरेपर्यंत येणारा. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. आबांचं बालपण तिकोणा पेठेत गेलं. तिथे थंडीत ओढ्यावर अंघोळ करताना दात वाजायचे, ते दात ते अजून वाजवून दाखवतात. पुढे देहूरोडच्या डेपोत नोकरी लागली. पहाटेच्या गाडीने जायचं, म्हणून साडेचारला अंघोळ. लोणावळ्याच्या थंडीत त्या वेळी गार पाण्यात हात घालून बघावा म्हणजे कळेल. डेपोतला पहिला बोनस मिळाला त्यातून त्यांनी सासूबाईंना साडी न घेता बंब घेतला. सासूबाई हे शेवटपर्यंत बोलून दाखवत होत्या, आणि शेवटपर्यंत त्याच बंबाच्या पाण्याने अंघोळ करत होत्या. आळीत कुणी बाळंतीण झाली की तिच्या अंघोळीचं पाणी सव्वा महिना आमच्याकडून जायचं. बंब पेटवायचा तो आबांनीच. दुसऱ्या कुणी काडी लावलेली त्यांना चालायची नाही.

बंबाचा कायदा एकच. एक बादली काढली की एक बादली ओतायची. आत पाणी नसताना विस्तव राहिला तर तांबं तापतं, जोड वितळतात आणि बंब कायमचा जातो. घरात पाहुणा आला की चहाच्या आधी आबा त्याला हे सांगायचे. माझ्या माहेरच्या माणसांना तर दर वेळी सांगायचे.

मग ती हाक बदलायला लागली. आधी तिच्या मध्ये खोकला आला. "पाणी काढ..." आणि पुढचं खोकल्यात. नंतर हाक अर्धीच यायची. गेल्या पावसाळ्यात आबांनी हाक द्यायचं सोडलं आणि स्टीलचा तांब्या तोटीवर ठक ठक वाजवायला लागले. आम्ही उठायचो, पण त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मला वाटतं, हाक गेली हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं आणि तोंडावर आणायची भीती वाटत होती.

गणपती झाल्यावर मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं, आणि विचारलं, विडी? आबा म्हणाले, "वीस वर्सं झाली सोडून." मग धूर कुठला? मी सांगितलं, बंबाचा, रोज दीड तास, बंद पडवीत. डॉक्टर म्हणाले, बंब बंद करा, नाहीतर येत्या थंडीत यांना ऑक्सिजन लावायची वेळ येईल. तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि पंपापेक्षा धूर बंद होणं महत्त्वाचं आहे, असं दोनदा बजावलं.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "डॉक्टर लय शिकल्याला हाय. पर त्याला थंडी कुटं ठावं हाय हितली?"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ठक ठक.

पुढचा दीड महिना मी सगळं करून पाहिलं. गोड बोलले, भांडले, काड्यांची पेटी लपवली. त्यांनी दुकानातून दुसरी आणली. मी शाळेत गणित शिकवते. एका रविवारी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि दीड तास गुणिले तीनशे पासष्ट करून वर्षाचा धूर काढून दाखवला. त्यांनी कागद नीट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बंब पेटवायला तोच वापरला. नवरा म्हणायचा, म्हातारपणी माणसाकडून एवढंही काढून घ्यायचं का? मी म्हणायचे, एवढं म्हणजे किती, श्वास? अशी चिडचिड करता करता दिवाळी गेली आणि थंडी पडली. रात्री त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मी अंधारात पडून मोजायचे, थांबला की पुन्हा सुरू होईपर्यंत किती वेळ जातो ते.

आता जे सांगते ते मी बरेच महिने कुणाला सांगितलं नव्हतं. कार्तिकातल्या एका रविवारी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, आबा दूध आणायला गेले, नवरा बाहेर पेपर वाचत होता. नळीत विस्तव चांगला फुललेला होता. मी गोधड्या भिजवायचं निमित्त केलं आणि तोटी सोडली. एक बादली, दोन, तीन, शेवटी तोटीतून नुसती वाफ आली. शेजारी गार पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. ती मी ओतली नाही. मुद्दाम ओतली नाही. स्वयंपाकघरात येऊन कणीक मळत बसले आणि कान पडवीकडे ठेवले.

आधी तडतड आवाज आला, मग जळका वास. मी उठणार तेवढ्यात आबा परत आले. मला वाटलं होतं, ते यायच्या आत सगळं थंड झालेलं असेल. ते वास ओळखून तसेच पडवीत धावले आणि वाकून नळीतला विस्तव ओढून काढायला लागले. सगळा धूर त्यांच्या तोंडावर. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. पायरीवर बसून ते कितीतरी वेळ खोकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी पंप हातात धरून उभी होते. धूर बंद करायला म्हणून केलं, आणि सगळ्यात जास्त धूर त्याच दिवशी त्यांच्या छातीत गेला. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

"विसरले आबा," मी म्हटलं. "बादली ओतायची विसरले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मला वाटलं, बंब गेला, प्रश्न सुटला. कसला सुटतोय! नवऱ्याने बंब टेम्पोत घालून तळेगावच्या तांबटाला दाखवून आणला. तांबट म्हणाला, पत्रा पातळ झालाय, पण जोड नव्याने लावून देतो, चार हजार घेईन, पाच-सहा वर्षं चालेल. मी इकडे गिझरची चौकशी केली. एक दुकानदार सोलरच्या मागे लागला. बारा महिने फुकट पाणी म्हणे. आबा खाटेवरून म्हणाले, "आषाडात सूर्व्या दावा मला हितं, मग पैसं घ्या." तो पुन्हा आला नाही. गॅसच्या गिझरला आमच्या मोरीत खिडकी नाही, म्हणून तो बाद झाला. राहिला विजेचा.

विजेचा गिझर साडेसात हजारांचा. एवढंच असतं तर मी त्याच दिवशी आणला असता. इलेक्ट्रिशियन आला, भिंतीवर टकटक करून म्हणाला, "मॅडम, गिझर काय, तासाभरात लावतो. पण तुमच्या घराला अर्थिंगच नाहीये." अर्थिंग हवं, मीटरपासून वेगळी जाड वायर हवी, भिंत मातीची म्हणून लोखंडी चौकट हवी. पाणी गिझरमध्ये यायला छपरावर टाकी हवी, टाकीला पाइप हवा. आकडा अठ्ठावीस हजारांवर जाऊन थांबला. नवऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चार हजार आणि अठ्ठावीस हजार. माझ्यासारख्या गणिताच्या बाईला यात बोलायला काही जागाच नव्हती. तो म्हणाला, यंदा बंब दुरुस्त करू, पुढच्या वर्षी बघू. मला पुढच्या वर्षाचीच भीती होती. मी तोंड उघडलं असतं तर खरं काय ते बाहेर पडलं असतं, म्हणून मूग गिळून बसले.

तेव्हा आबा बोलले. "त्यो बंब आता मोडीत घाला."

नवरा म्हणाला, आबा, दुरुस्त होतोय तो. आबा म्हणाले, "एकडाव जळाल्याला बंब, त्याचा भरवसा न्हाई. मोडीत घाला म्हन्तो ना."

मोडीत घालायला ते स्वतः आले. लोणावळ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात बंब काट्यावर चढला तेव्हा ते दुकानाबाहेर उभे राहतील असं मला वाटलं होतं. पण ते काट्याला नाक लावून उभे होते. तेरा किलो भरला. नऊ हजार शंभर आले. दुकानदाराने आधी तोटी काढून आबांच्या हातात दिली, कारण पितळेचा भाव वेगळा. आबांनी ती विकली नाही, खिशात टाकली.

परत येताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. वलवणच्या फाट्यापाशी ट्रॅफिकमध्ये रिक्षा थांबली. आबा समोर बघत म्हणाले, "सूनबाई, बादली इसरली न्हवतीस तू."

खोटं बोलायची ताकद नव्हती. म्हटलं, "नाही आबा. मुद्दाम नाही ओतली."

"ठावं हाय. हिशेबाची मानूस तू. बादली कुटं इसरती?"

"मग बोलला का नाहीत? एवढा तुमचा बंब..."

त्यांनी खिशातली तोटी चाचपली. मग म्हणाले, "बोललो असतो तर नीट करून घ्यावा लागला असता. माज्या हातनं त्यो कंदी इजला नसता, पोरी. रोज म्हनायचो, उद्या न्हाई पेटवायचा. अन् पाच वाजलं की हात काडीकडं जायचा."

मी रिक्षात रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. आबा म्हणाले, "रडतीस काय? अठ्ठावीस हजार तुला भरायचं हायेत, ते आटवून रड." आणि हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला लागले.

अठ्ठावीसातले थोडे आबांनीच वाचवले. अर्थिंगसाठी इलेक्ट्रिशियनने अंगणात खोल खड्डा घेतला. त्यात कोळसा आणि मीठ थरावर थर घालतात, म्हणजे जमीन ओल धरते आणि वीज खाली उतरते. तो कोळसा विकत आणायला निघाला. आबा म्हणाले, "थांब." पडवीतून त्यांनी दोन पत्र्याचे डबे ओढत आणले. वर्षानुवर्षं बंबातून काढून विझवलेला कोळसा, इस्त्रीवाल्याला द्यायला म्हणून साठवलेला. मी त्यांच्या तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो खड्ड्यात घातला. एक थर कोळसा, एक थर मीठ, मध्ये मध्ये पाणी. इलेक्ट्रिशियन बाजूला उभा राहून नुसता बघत होता. शेवटी माती लोटून त्यांनी पायाने दाबली. पितळी तोटी त्यांनी अंगणातल्या पिंपाला बसवून घेतली.

गिझर लागल्यावर आबा रोज पाचला उठून बटण दाबायचे आणि मोरीच्या दाराशी स्टूल टाकून लाल दिव्याकडे बघत बसायचे. दिवा विझला की ठक ठक, आता तांब्या दाराच्या कडीवर. मी सांगितलं, आबा, हा आपोआप बंद होतो, बसायची गरज नाही. ते म्हणाले, "बंद झाला का न्हाई, ते कोन बघनार?" कायदाही त्यांनी सोडला नाही. अंघोळ करून निघताना मागच्याला गार पाण्याची बादली भरून ठेवायची. कशासाठी, ते त्यांनाच माहीत. आम्ही ठेवतो.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. डॉक्टरांनी फुंकायला लावलेल्या नळीत आकडा थोडा वर सरकला. फार नाही, थोडाच, पण खाली गेला नाही. थंडीत ऑक्सिजनची वेळ आली नाही. भिंतीपलीकडचा खोकला मी मोजायचं कधी सोडलं ते मलाही आठवत नाही.

माघातला एक रविवार. वलवण धरणाच्या बाजूने चांगलाच गारठा येत होता. मी पांघरुणात गुरफटून ठक ठक ऐकायच्या तयारीत पडले होते.

"पाणी काढलंयऽऽ! उठाऽ!"

नवरा उठून बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्ही दोघंही हाकेमागून येणाऱ्या खोकल्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही. मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला, बादलीत पाणी पडायला लागलं.

मग पुन्हा हाक आली, पहिल्यापेक्षा मोठी. "सूनबाई! पाणी गार हुतंय!"

गिझरमधलं पाणी लगेच गार होत नाही, हे मी त्यांना दहा वेळा तरी सांगितलं होतं. त्या दिवशी नाही सांगितलं. "आले आबा," म्हटलं, आणि रविवारी साडेपाच वाजता पांघरूण फेकून उठले.