पोळपाटावर गिरवलेली सही

पहिली लढाई संपून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या ह्यांनी तेव्हा रत्नागिरीत सोडावॉटरचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पडवीत हाताने फिरवायचं एक यंत्र आणि गोटीच्या बाटल्यांच्या चौदा पेट्या. आगबोटीची माणसं बंदरावर उन्हात ताटकळतात, ती सोडा पिणार, असा ह्यांचा बेत. बेत वाईट नव्हता, पण यंत्र आलं ते हंगामाच्या शेवटच्या आगबोटीने. त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद! रत्नागिरीत जन्मलेला, वाढलेला माणूस आणि पावसाळाच विसरला. तोवर यंत्र खाऱ्या वाऱ्याने गंजलं आणि बाटल्यांच्या पेट्यांत कोळ्यांनी जाळी केली.

कर्ज पतपेढीचं होतं. जामीन राहिले होते आमच्या आळीच्या तोंडाशी राहणारे शाळेतले मास्तर. ह्यांचे हप्ते थकले, आमच्याच अंगणात यंत्राचा नि बाटल्यांचा लिलाव झाला आणि उरलेली रक्कम मास्तरांच्या पगारातून कापली गेली. मी दाराआड उभी राहून एकेक पेटी जाताना पाहिली. राग कुणाचा आला म्हणाल तर ह्यांचाच आला, आणि कीवही ह्यांचीच.

पुढे हे आगबोटीच्या कचेरीत कारकून झाले. पहिल्या पगारापासून मास्तरांचे पैसे फेडायला लागले, पण स्वतः जायचे नाहीत. पाकीट माझ्या हाती द्यायचे. कचेरीचा सरळ रस्ता मास्तरांच्या दारावरून होता, म्हणून हे मागच्या बाजूने, वाळूतून वळसा घालून जायचे. चपला हातात, छत्री काखेत. सहा वर्षांत पै न् पै फिटली, तरी ह्यांचा वळसा काही सुटला नाही.

मास्तरीणकाकूंचं आणखी वेगळं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पोह्याच्या पापडांचे दिवस. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. ज्या घरचे पापड, तिथून आळीत निरोप जायचा आणि दुपारची जेवणं आटोपली की बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन निघायच्या. जी तुमच्याकडे लाटून गेली तिच्याकडे तुम्ही जायचंच. ते चुकवलं म्हणजे संबंध संपला. लिलावाच्या वर्षी काकूंकडून मला निरोप आला नाही. मी तशीच गेले.

"कशाला आलीस गो?" काकूंनी विचारलं.

"लाटायला."

त्यांनी माझ्यापुढे लाट्या सरकवल्या. त्यानंतर आठ वर्षं त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत आणि आमच्या पापडांना एकदाही आल्या नाहीत. मी मात्र दर वर्षी गेले. हट्टी म्हणा, निगरगट्ट म्हणा. खरं सांगायचं तर मला त्या दुपारी फार आवडायच्या. हिंगाचा नि मिरचीचा वास, बांगड्यांचा आवाज, अंगणातल्या चटयांवर वाळणारे पापड आणि कावळे हाकायला ठेवलेली काठी. कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली की जगात कुणाचं काही देणं आहे हेच विसरायला व्हायचं. आता सून दुकानातून पापडांचं पुडकं आणते. पापड बरे असतात, पण लाट्या कुठून आणायच्या?

तर आम्ही भाड्याने राहत होतो ते घर. तीन खोल्या, पडवी, रहाटाची विहीर आणि मागे एक कापा फणस. माझी दोन्ही बाळंतपणं तिथली. घरमालक म्हातारे झाले आणि मुलाकडे मुंबईला कायमचे निघाले. ह्यांना म्हणाले, "तुम्हीच घ्या. नाहीतर शेवटच्या आगबोटीआधी दुसऱ्याला देऊन मोकळा होतो." पुन्हा शेवटची आगबोट! मला ते घर इतकं हवं होतं की पाणी शेंदताना डोळे भरून यायचे.

निम्मे पैसे गाठीशी होते. उरलेल्यांसाठी घर नजरगहाण टाकायचं, म्हणजे राहायचं आपण आणि कागद सावकाराकडे. पतपेढीने ह्यांना दारातूनच परत पाठवलं. बाजारातले कापडवाले सावकार म्हणाले, "अहो, तुमच्या सहीवर मी उपरणंसुद्धा उधार द्यायचा नाही. जामीन आणा. मास्तर तर एकदा दुधाने पोळलेत." ह्यांनी चार ओळखीच्या घरी खेटे घातले. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसंच झालं.

त्या वर्षी मी मास्तरांकडच्या पापडांना गेले ती विचारायचं ठरवूनच. गेले, बसले, आणि लाट्या पुढे ओढल्या. दोनेक तास नुसती लाटत राहिले. शेवटी काकूच बोलल्या.

"घर जातंय म्हणे तुमचं?"

आठ वर्षांनी! सगळ्या बायकांची लाटणी थांबली.

"जातंय," मी म्हटलं. "ह्यांच्या सहीला बाजारात किंमत नाही. जामीन राहा म्हणून सांगायला आले होते, पण कोणत्या तोंडाने सांगू? एवढ्या लाटते नि जाते."

काकू लाटतच होत्या. हातातला पापड बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमची पैसुद्धा बुडाली नाही, हे गावात कुणाला सांगितलंस का गो कधी?"

"हे सांगू देत नाहीत. म्हणतात, फेडलं त्यात काय सांगायचं?"

"आणि मी मेली रागाने नाही सांगितलं. दोघी शहाण्या!" त्या म्हणाल्या आणि हाताचं पीठ झटकून मास्तरांना हाक मारायला आत गेल्या.

मास्तर त्याच संध्याकाळी सावकारांकडे गेले आणि पैसे पुरते फिटल्याचं त्यांनी सांगितलं. सावकारांनी विचारलं, "आणून कोण देत होतं?" मास्तर म्हणाले, "त्यांच्या घरातून."

"मग घर बाईंच्याच नावाने घ्या. गहाणखत त्याच लिहून देतील, तुम्ही जामीन राहा. बाईंची सही मला चालेल."

मास्तरांनी हे सगळं आमच्या दारात उभं राहून सांगितलं. ह्यांनी मान हलवली, पण जेवताना भात अर्धा टाकून उठले. माझा जीव तुटला. तरी 'नको' असं मी म्हटलं नाही. घर हवं होतं मला.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "सही येते का तुला?"

मी दुसरी शिकलेली, अक्षरं केव्हाच विसरलेली. कागद फुकट घालवायला नको म्हणून पोळपाटावर तांदळाची पिठी पसरली. ह्यांनी बोटाने माझं नाव लिहिलं, मी त्यावरून बोट फिरवलं. लग्न झाल्यापासून उखाण्याखेरीज ह्यांनी माझं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आता आठ दिवस रोज लिहून दाखवत होते. त्या आठ दिवसांइतकं सुख मला घर मिळाल्यावरही झालं नाही.

दस्त नोंदवायच्या कचेरीत मी सही केली. एकही काना-मात्रा चुकली नाही. खाली मास्तरांनी केली. तिथल्या कारकुनाने विचारलं, "साक्षीदार कोण?"

हे पुढे झाले. सावकारांना म्हणाले, "साक्षीला तरी माझी चालेल ना?"

सावकारांनी खाली पाहिलं. "चालेल हो," म्हणाले.

परत येताना मास्तर पुढे, हे मागे, आणि त्यांच्यामागे मी. वाळूकडे वळायची वाट आली. हे थबकले. मास्तर मागे न पाहता चालतच राहिले. मग हेही सरळ निघाले. मास्तरांच्या पायरीशी चपला काढताना ह्यांना एवढा वेळ लागला की मीच काढून देते की काय असं झालं.

काकू आतून पेला घेऊन आल्या. ह्यांच्या हातात देत म्हणाल्या, "कोकम सरबत आहे हो. काय करणार, रत्नागिरीत हल्ली चांगला सोडा मिळत नाही."

ह्यांनी पेल्यात पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग हे हसायला लागले. इतके हसले की सरबत धोतरावर सांडलं. हसता हसता त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं आणि ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मास्तरांनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला नि बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आमच्या पापडांना आल्या. मी निरोप धाडला नव्हता. पोळपाट-लाटणं त्यांच्या काखेत होतं.