बारशाआधीची नोंद

तहसील कचेरीतल्या कारकुनाने जुनी जन्मनोंदवही फडक्याने पुसून माझ्यापुढे सरकवली. माझ्या आजीचे नाव लग्नात बदलले होते. तिचे माहेरचे नाव आईला कधीच कळले नाही. मी शोधून देईन म्हणाले होते, तोवर आईच गेली.

आजीच्या वडिलांचे नाव सापडले. त्यापुढे नुसतेच ‘मुलगी’.

“नाव नाही?”

“नोंद बारशाआधी व्हायची, ताई. नाव कुठून असणार?” कारकून म्हणाला.

नाव ठेवण्याआधीचे काही दिवस आजी फक्त कुणाची तरी मुलगी होती. त्या शब्दावर मी बोट ठेवले. मला नावाने हाक मारणारे पुष्कळ आहेत. मुलगी म्हणणारे आता कुणी उरले नाही.