स्क्रिप्टमध्ये नसलेली आई

"आई, दार उघड ना."

हेडफोनमध्ये हे ऐकलं आणि मी स्क्रिप्ट चाळायला लागलो. या सीनला संवादच नव्हता.

मी दोह्यात साउंड रेकॉर्डिस्ट आहे. एरवी लग्नं आणि कंपन्यांचे कार्यक्रम करतो. हा मात्र सिनेमा होता. गाडी बंद पडलेला एक माणूस एकटाच वाळवंट तुडवत जातो आणि त्यात त्याला स्वतःची ओळख पटते, अशी गोष्ट. हीरोचं काम समीरला मीच मिळवून दिलं होतं. समीर चिपळूणचा, दोह्याच्या नजमा भागात माझा रूममेट, गोदामात स्टोअरकीपर.

शॉट लांबचा होता. कॅमेरा टेकाडावर, समीर दोनशे मीटर दूर, ऐन दुपारच्या उन्हात. त्याचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. शर्टाच्या आत लावलेला लेपल माइक, म्हणजे बटणाएवढा माइक, तेवढा त्याच्यासोबत होता.

"चटके बसतायत गं. उघड ना."

डायरेक्टर मल्याळी. माझ्या मशीनवरून त्यांनाही ऐकू जात होतं. ते खूश झाले. "क्या फील है! रोलिंग रखो."

"सर, ये ॲक्टिंग नहीं है. वो माँ को बुला रहा है."

"वही तो चाहिए."

"सर, उसकी माँ पिछले साल गुज़र गयी."

मी हेडफोन फेकले. ड्रायव्हर बशीरभाई रत्नागिरीचे. "यल्ला, बस लवकर!" म्हणत त्यांनी गाडी काढली.

समीर गुडघ्यांवर बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. सॅकमध्ये पाण्याच्या दोन्ही बाटल्या सीलबंद. सकाळी मीच त्या त्याच्या हातात दिल्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये तो तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागला. "आदल्या दुपारपासून पाणी प्यायलो नव्हतो," म्हणाला. "प्यायलो असतो तर सीनमधली तहान खोटी दिसली असती रे."

शॉटमधलं त्याला काहीच आठवत नव्हतं.

त्याच संध्याकाळी डायरेक्टरांचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "वो ऑडियो संभालके रखना. फिल्म का बेस्ट मोमेंट है."

मी फोन ठेवला.

समीर घरी आल्यावर मी त्याला ते ऐकवलं. दहा सेकंदांत त्याने हेडफोन काढले.

"हा मी आहे?"

मग म्हणाला, "पुसून टाक."

त्याच्यासमोरच डिलीट केलं. डायरेक्टर अजून माझा फोन उचलत नाहीत. सिनेमात त्या जागी नुसता वारा आहे.

आता शॉटआधी मी नटाला माझ्यासमोर पाणी प्यायला लावतो. आवाजाची लेव्हल त्यानंतर बघतो.